अडीच हजारांत महालक्ष्म्यांची आरास: यवतमाळ जिल्ह्यातील एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू शेतकरी कुटुंबाचे असून ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. घरी सासूबाई, मोठा मुलगा, मोठी सून आणि त्यांची दोन शाळकरी मुले राहतात. धाकटा मुलगा पुण्याकडे एका कारखान्यात कामाला असून तो आणि त्याची बायको पोळ्यानंतर महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे ज्येष्ठागौरींसाठी, गावी येतात. शेत पाच एकर, त्यात तीन एकर सोयाबीन आणि तूर, उरलेल्यात कपाशी. घरात पिढ्यान्‌पिढ्या उभ्या महालक्ष्म्या बसतात. मुखवटे पितळेचे आणि कोठ्या, म्हणजे साडी नेसवायची धडे, पत्र्याच्या आहेत, आणि दोन्ही गोष्टी सासूबाईंच्या सासूच्या काळापासून चालत आल्या आहेत.

अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा हा तीन दिवसांचा कुळाचार आहे. पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, आंबील, कढी, वडे आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य असतो, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला अर्धे गाव येऊन जाते. त्यामुळे ही आरास घरच्यांपुरती राहत नाही. ती वर्षातून एकदा सगळ्यांच्या नजरेखालून जाते, आणि खर्चाची खरी ओढ तिथूनच सुरू होते.

२०२४ मध्ये आवाहन १० सप्टेंबरला होते. त्या वर्षी कुटुंबाने तालुक्याच्या बाजारातून तयार मखर आणले आणि आरास गावात नावाजली गेली. सण झाल्यावर मोठ्या सुनेने वहीत हिशेब मांडला तेव्हा आकडा ६,४०० रुपयांवर गेला. फोमशीट आणि पुठ्ठ्याचे मखर २,२०० रुपये, कापडी आणि प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा ९००, विजेच्या माळा ६००, मागचा झालरीचा पडदा तीन दिवसांच्या भाड्याने ८००, खरी फुले आणि हार १,१००, रांगोळी, रंग, पताका ४०० आणि हे सगळे सामान आणायला ऑटो ४००. नैवेद्याचा किराणा यात धरलेला नाही.

अडचण नेमकी कोणती होती

वरवर पाहता अडचण पैशाची होती. मात्र हिशेबाची वही नीट पाहिली तर तिच्यात तीन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

पहिली अडचण वेळेची. भाद्रपदात कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा नसतो. बियाणे, खत, निंदण आणि फवारण्या यांचा खर्च होऊन गेलेला असतो, सोयाबीन शेतात उभे असते आणि कपाशीचा पहिला वेचा व्हायला दिवाळी उजाडते. दिवाळीच्या सजावटीला निदान सोयाबीनच्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या पैशाचा, आधार असतो, महालक्ष्म्यांना तोही नसतो. डीएपी खताची गोणी तेव्हा १,३५० रुपयांना पडे. म्हणजे २०२४ च्या आराशीच्या पैशात चार गोण्या येऊन वर हजार रुपये उरले असते. हा हिशेब मोठ्या मुलाने घरात बोलून दाखवला होता, आणि सणासुदीला खताचा भाव काढल्याबद्दल सासूबाई त्याच्यावर रागावल्याही होत्या.

दुसरी अडचण साठवणीची. आणलेले सामान पुढच्या वर्षी वापरण्याजोगे राहिले नव्हते. मखराचे कोपरे उंदरांनी कुरतडले, पुठ्ठा ओलीने फुगला आणि विजेच्या तीन माळांपैकी दोन बंद पडल्या. थर्मोकोलचा तर प्रश्नच नव्हता. राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे. पण त्याच्या जागी आलेला फोमही या घरात एका पावसाळ्याहून जास्त टिकला नाही. वहीतल्या ६,४०० रुपयांपैकी पुढच्या वर्षासाठी उरले ते एवढेच: एक चालू माळ आणि निम्मी शिल्लक राहिलेली रांगोळी.

तिसरी अडचण जागेची होती, आणि तिच्याकडे घरातल्या कोणाचे लक्ष गेले नव्हते. जुने मातीचे घर पाडून तिथे घरकुल बांधले होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर असते, आणि या घराची समोरची खोली जेमतेम दहा बाय बारा फुटांची आहे. जुन्या घरातल्या ऐसपैस ओसरीच्या हिशेबाने घेतलेले पाच फूट रुंद आणि चार फूट खोल मखर या खोलीत ठेवल्यावर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दाराशीच उभे राहावे लागले होते.

विचारात घेतलेले पर्याय

२०२५ मध्ये आवाहन ३१ ऑगस्टला, म्हणजे आधीच्या वर्षीपेक्षा दहा दिवस अलीकडे होते. आषाढाच्या सुरुवातीलाच घरात चर्चा झाली. ही चर्चा जूनअखेर झाली म्हणून पुढचे बरेच काही शक्य झाले. ती पोळ्यानंतर झाली असती तर बाजार गाठण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नसता.

धाकट्या मुलाने घडीचे तयार मखर ऑनलाइन मागवावे आणि त्याचे तीन हजार आपण द्यावेत, असे सुचवले. मखर धातूच्या नळ्यांचे होते, म्हणजे टिकाऊ होते, आणि हा पर्याय मुळीच वाईट नव्हता. पण त्याची रुंदी साडेपाच फूट होती. ते या खोलीत मावणार नाही हे मोठ्या सुनेने जमिनीवर खडूने आखून व्हिडिओ कॉलवर दाखवले, तेव्हा तो विषय न भांडता संपला. भावाच्या पैशाला नकार दिला असे होऊ नये म्हणून त्याने नैवेद्याचा किराणा भरावा असे ठरले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची कृती ही आखणी होय. तिला खर्च शून्य आला आणि तिने एक कौटुंबिक अढी टाळली.

तालुक्याच्या मंडपवाल्याकडून सगळी आरास भाड्याने घेणे हा दुसरा पर्याय होता. त्याने तीन दिवसांचे साडेतीन हजार सांगितले, उभारणी आणि उतरवणी त्याच्याकडे. यात बायकांचे श्रम वाचणार होते, आणि हा मुद्दा किरकोळ नाही; त्याकडे पुढे यावे लागेल. पण दरवर्षी तेवढेच पैसे जाणार आणि हाती काहीच उरणार नाही, म्हणून तो बाजूला पडला.

मखरच न करता कोठ्या नुसत्या पाटावर उभ्या कराव्यात, असे मोठ्या मुलाचे मत होते. कुळाचारात मखर सक्तीचे नाही हे सासूबाईंनाही मान्य होते. तरीही त्यांनी हे मत फेटाळले, आणि कारण व्यवहाराचे दिले: फुलोरा टांगायला वरती आडवे काहीतरी लागतेच. करंज्या, वेणी, फणी असे तळलेले प्रकार दोऱ्याने लक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचे ही या घराची रीत आहे, आणि पाहू गेले तर घरातली सर्वांत जुनी सजावट तीच. तीन दिवस शोभा देते आणि नंतर प्रसाद म्हणून वाटली जाते.

शेवटी सांगाडा घरी करायचा, पडदा घरच्या साड्यांचा आणि फुले परसातली, असे ठरले. मर्यादा अडीच हजारांची घातली. मोठ्या सुनेला लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात. त्यातले जुलै आणि ऑगस्टचे थोडे थोडे बाजूला काढायचे, उधारी करायची नाही, एवढे तिने आधीच सांगून टाकले.

सांगाडा कशाचा करायचा

इथे निर्णय दोनदा बदलला. गोठ्यामागे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग पडलेला होता आणि फुकटचे सामान म्हणून पहिली नजर त्याच्यावर गेली. पण पऱ्हाट्यांच्या ढिगात गुलाबी बोंडअळी तग धरते, म्हणून हंगाम संपताच त्यांची विल्हेवाट लावावी असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. सणासाठी म्हणून तो ढीग राखून ठेवणे म्हणजे स्वतःच्या कपाशीला अळीचे आमंत्रण ठरले असते. मोठ्या मुलाने तो ढीग उलट लगेच जळणाला काढला.

त्याऐवजी तुराट्या घेतल्या. तूर निघाल्यावर कुंपणासाठी राखलेल्या तुराट्या सरळ, हलक्या आणि बऱ्यापैकी ताठ असतात. बोटभर जाडीच्या तुराट्या निवडून, चार दिवस कडक उन्हात वाळवून, पाच-पाचच्या जुड्या सुतळीने बांधल्या. उभे खांब मात्र बांबूचे घेतले. बुरडाकडून चार बांबू ३६० रुपयांना मिळाले. भिंतीत दोन आकडे (हुक) पक्के बसवून त्यांना खांब बांधले, म्हणजे गर्दीत कोणाचा पदर अडकला तरी सांगाडा पुढे येणार नाही.

रुंदी चार फूट आणि खोली साडेतीन फूट ठरली. सांगाडा भिंतीला अगदी चिकटवायचा म्हणजे जागा वाचेल, असा मुलांचा आग्रह होता. सासूबाई म्हणाल्या, ‘लक्ष्म्याईले भितीले टेकवू नका, मांगून हात गेला पाह्यजे.’ नेसवलेल्या साडीचा निऱ्यांचा भाग सावरायला, पदर टाचायला आणि समईचे तेल सांडले तर पुसायला मागून जागा लागते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्याप्रमाणे कोठ्यांमागे फूटभर जागा सोडली.

पडदा, फुले आणि दिवे

पडद्यासाठी मोठ्या सुनेच्या दोन जरीच्या साड्या आणि त्यांच्यामागे पांढरे मांजरपाट (जाडेभरडे सुती कापड) अशी रचना होती. साडी मध्ये कापायची नाही, टाचण्या जरीत खुपसायच्या नाहीत, वरच्या बांबूवरून नुसती सोडून चुण्या घालायच्या, हे तिने आधीच ठरवले. तयार झालरीपेक्षा हे साधे दिसते, पण साडी सणानंतर पुन्हा नेसता येते.

झेंडूचा विचार अधिक सविस्तर सांगण्यासारखा आहे. एकात्मिक कीड व्यवस्थापनात सापळा पीक म्हणून, म्हणजे किडी मुख्य पिकाऐवजी तिकडे ओढल्या जाव्यात म्हणून, कपाशीच्या कडेने झेंडू लावण्याची शिफारस असते, आणि या कुटुंबानेही तशी ओळ लावली होती. तीच फुले तोडून आणावीत असे सहज सुचले होते. पण त्या ओळीवर कपाशीच्या फवारणीचे औषध उडते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्या आठवणी गावात अजून ताज्या आहेत. ज्या फुलांचे हार लहान मुले ओवणार आणि जी नैवेद्याच्या ताटाशेजारी पडणार, ती त्या ओळीतली नकोत असे मोठ्या मुलाने स्पष्ट सांगितले. म्हणून १८० रुपयांची साठ रोपे घेऊन जुलैच्या पहिल्या आठवड्यात परसात, न्हाणीच्या पाण्यावर लावली.

दिव्यांसाठी एक नवी एलईडी माळ १८० रुपयांना घेतली. धाकट्या सुनेने एक चांगली सूचना केली: माळा कमी लावा आणि एक साधा एलईडी बल्ब समोरून, थोडा वरून सोडा, म्हणजे पितळी मुखवटे उजळतील. मागून प्रकाश पडला की चेहरे काळवंडतात आणि मग माणसे आणखी माळा लावत सुटतात. समया पूर्वी मखराच्या आत, कोठ्यांच्या दोन बाजूंना असत. आता पडदा साड्यांचा, त्यातही एक साडी कृत्रिम धाग्याची, त्यामुळे समया बाहेर काढून पितळी परातीत, कापडापासून दोन हात अंतरावर ठेवल्या. तीन दिवस जळणाऱ्या समईच्या बाबतीत यापेक्षा कमी अंतर कोणत्याच घराने ठेवू नये.

भिंतीला चुना आणि निळीचा हात, खाली उंबऱ्याला गेरू, दारात रांगोळी आणि आंब्याच्या पानांचे तोरण. यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

तीन दिवसांत काय घडले

आवाहनाच्या आदल्या दिवशी झेंडू निम्माच फुलला होता. झाडे भरदार व्हावीत म्हणून धाकट्या मुलाच्या सांगण्यावरून जुलैअखेर शेंडे खुडले होते. शेंडा खुडल्याने फांद्या आणि फुले वाढतात हे खरे, पण बहर लांबतो. मोठा बहर सण होऊन गेल्यावर आला. ऐनवेळी बाजारातून फुले आणि गजरे मिळून ४५० रुपयांची खरेदी करावी लागली.

पूजनाच्या दिवशी, १ सप्टेंबरला, फुलोरा टांगल्यावर वरची तुराट्यांची आडवी जुडी मध्येच झुकली. करंज्यांचे वजन किरकोळ वाटते, पण सगळे मिळून तीन-चार किलो भरते आणि ते एकाच ठिकाणी लोंबते. दुपारच्या नैवेद्याआधी उरलेला बांबू कापून जुडीच्या जागी बसवला. सांगाड्याला पुरेशी खोली असल्याने आणि मागून हात जात असल्याने हे काम कोठ्या न हलवता झाले.

कार्डपेपरची मुलांनी केलेली फुले दुसऱ्या दिवशी ओलीने मऊ पडून खाली झुकली. मुले हिरमुसली, त्यांच्या आजीने ती काढू दिली नाहीत.

संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका आत येऊन, बसून, पाणी पिऊन गेल्या. आधीच्या वर्षीच्या चकचकीत मखराची आठवण काहींनी काढली, काहींनी साडीचा पडदा कसा सोडला ते विचारले. दोन्ही प्रकारची बोलणी झाली, हे नोंदवणे आवश्यक आहे. आरास सर्वांना आवडली असे म्हणणे खोटे ठरेल.

परिणाम

एकूण खर्च २,१९० रुपये झाला: बांबू ३६०, सुतळी, तार आणि खिळे १२०, मांजरपाट ३००, एलईडी माळ १८०, झेंडूची रोपे १८०, बाजारातली फुले ४५०, चुना, गेरू आणि रांगोळी २००, कार्डपेपर आणि डिंक १५०, भिंतीतले आकडे १५०, जाण्यायेण्याचे भाडे १००. यातल्या बांबू, मांजरपाट, माळ आणि आकडे या ९९० रुपयांच्या वस्तू पुढच्या वर्षासाठी शिल्लक आहेत. म्हणजे याच पद्धतीने केल्यास पुढची आरास १,२०० रुपयांच्या आसपास व्हावी. मर्यादा पाळली गेली, उधारी झाली नाही.

या आकड्यांत एक गोष्ट मात्र येत नाही. तुराट्या निवडणे, जुड्या बांधणे, पडदा सोडणे, हार ओवणे या कामांसाठी मोठ्या सुनेने निंदणाच्या मजुरीचे दोन दिवस बुडवले. गावात तेव्हा दिवसाची मजुरी तीनशे रुपयांच्या आसपास होती. ते सहाशे धरले तर खर्च २,७९० होतो, म्हणजे मर्यादेच्या बाहेर, आणि मंडपवाल्याच्या साडेतीन हजारांशी असलेला फरक बराच कमी होतो. घरगुती सजावट स्वस्त पडते असे सांगताना हे श्रम बहुधा कोणी मोजत नाही. सांगाडा एकदा तयार झाल्यामुळे पुढच्या वर्षी हे दोन दिवस लागणार नाहीत, म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. पण पहिल्या वर्षाचा हिशेब असाच मांडला पाहिजे.

आणखी एक नुकसान सण संपल्यावर दिसले. मांजरपाट भिंतीलगत सोडले होते, आणि घरकुलाच्या त्या भिंतीत ओल होती. निळीचे आणि बुरशीचे डाग मांजरपाटातून झिरपून एका साडीच्या काठावर उतरले. कोठ्यांमागे जागा सोडली, पडद्यामागे मात्र सोडली नाही.

वेगळे काय करता आले असते

फुलोऱ्यासाठी आडवा बांबू पहिल्यापासून घ्यायला हवा होता. वजन कुठे पडणार हे उभारणीआधी एका पिशवीत तेवढेच दगड टांगून पाहता आले असते. पडद्यामागे वीतभर अंतर आणि ओलसर भिंतीवर चुन्याऐवजी नुसती कोरडी चटई, शिंदीची असली तरी चालेल, असा बदल सुनेने स्वतःच सुचवला आहे. मुलांच्या हौसेसाठी कागदाऐवजी कापडाच्या चिंध्यांची फुले करावीत. ती ओलीत तग धरतात आणि धुताही येतात.

श्रमांची वाटणीही तपासण्यासारखी आहे. जुड्या बांधणे हे काम मोठ्या मुलाला पावसाच्या उघडिपीत सहज जमले असते. ते सुनेकडे गेले, कारण सजावट म्हणजे बायकांचे काम असे कोणीही न बोलता सगळ्यांनी धरून चालले होते.

झेंडूच्या लागवडीची तारीख मात्र गेल्या वर्षीची उचलून चालणार नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिना येत असल्याने महालक्ष्म्या सप्टेंबरच्या मध्यावर येतील. त्यामुळे रोपे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लावावीत, आणि शेंडे खुडायचे असल्यास निम्म्याच झाडांचे खुडावेत, म्हणजे आवाहनालाही फुले मिळतील आणि पुढे दसऱ्याला विकायलाही उरतील.

शेजारच्या दोन घरांनी हा सांगाडा त्यांच्याकडच्या मंगळागौरीसाठी आणि दिवाळीसाठी मागितला आहे. मोठ्या सुनेचे म्हणणे असे की शंभर रुपये घेऊन द्यावा, म्हणजे सुतळी आणि फुलांचा खर्च निघेल. लक्ष्म्यांच्या सांगाड्याचे भाडे घ्यायचे नाही, असे सासूबाईंचे मत आहे. हे लिहीपर्यंत त्यांच्यात एकमत झालेले नव्हते, आणि बांबू गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवलेले होते.